बुरीरामची पंधरा दारं

आमच्या घरात किरणोत्सव म्हणजे सणच असतो. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि मग ९ ते ११ नोव्हेंबर, ह्या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यावर, असं व्हायला पाहिजे. पण कधी ढग आडवे येतात, कधी मधल्या बांधकामांचा अडथळा होतो, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी गल्लीत सगळे एकमेकांना एकच विचारतात, "किरणं कुठवर आली?" माझी आई लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हापासून हे चुकवत नाही.

तर दोनेक वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एकाने एक फोटो दाखवला, एका दगडी देवळाची एकामागोमाग एक दारं आणि पार शेवटच्या दारात सूर्याचा गोळा. मी तो आईला पाठवला, पाच मिनिटात तिचा फोन. "हे कुठलं गं?" म्हटलं थायलंड. "शंकराचं हाय का?" हो, शंकराचंच. फनोम रुंग नाव आहे, बुरीराम प्रांतात, विझलेल्या ज्वालामुखीवर. पंधरा दारं एका रेषेत आहेत आणि वर्षातून चारदा सूर्य त्या रेषेत येतो, उगवताना एप्रिलच्या ३ ते ५ आणि सप्टेंबरच्या ८ ते १० ला, मावळताना मार्चच्या ५ ते ७ आणि ऑक्टोबरच्या ५ ते ७ ला. सगळं ऐकून आई म्हणाली, "मग बघून येऊया की."

ऑक्टोबर ठरला कारण मला सुट्टी तेव्हाच मिळत होती. पण २०२४ ला घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, म्हणजे आम्ही ऐन नवरात्रात बाहेर. मला वाटलं आई नाही म्हणणार. घट आमच्याकडे नसतात, थोरल्या काकूंकडे बसतात, तो प्रश्न नव्हता, पण उपवास आणि खाणं? आई उठता-बसता उपवास धरते, पहिला आणि शेवटचा दिवस, पण मधल्या दिवसातसुद्धा कांदा-लसूण नाही आणि ती पहिल्यापासून शाकाहारी. सगळे म्हणाले थायलंडमध्ये आणि तेही बँकॉक सोडून खेड्यापाड्यात, तिथे प्रत्येक गोष्टीत माशाचं पाणी घालतात, आईचे हाल होतील. मी पण घाबरले होते खरंतर. शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, मेतकूट, भाजलेले पोहे असं अर्धी बॅग खाणंच भरलं.

व्हिसाचं काही करावं लागलं नाही, भारतीय पासपोर्टला तेव्हा तिकडे व्हिसा लागत नव्हता, एअरपोर्टवर ६० दिवसांचा शिक्का मारून दिला. ३ तारखेला बँकॉकला उतरलो, आईचा उपवास होता म्हणून हॉटेलवर आराम केला. आणि संध्याकाळी जरा चालायला बाहेर पडलो तर रस्त्यावरच्या खाण्याच्या कितीतरी गाड्यांवर पिवळे झेंडे आणि त्यावर लाल रंगात एकच खूण. फोनवरच्या ट्रान्सलेटमध्ये धरलं तर 'जे'. हॉटेलच्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं की तिकडच्या चिनी वंशाच्या लोकांचा हा नऊ दिवसांचा सण, चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, आणि ह्या नऊ दिवसांत मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत आणि कांदा-लसूणपण नाही! आणि तोही ३ ऑक्टोबरलाच सुरू झालेला. मी आईला सांगितलं तर ती फुटपाथवर उभी राहिली आणि हात जोडले. पुढचे सगळे दिवस आम्ही पिवळा झेंडा बघून जेवलो. भात, टोफू, मशरूम, कोबी, शेवया, सगळं गरम आणि ताजं. फक्त ते मांसासारखं दिसणारं सोयाचं काहीतरी करतात ते आईने घेतलं नाही, दिसतं तसंच म्हणून.

४ तारखेला ट्रेन. बँकॉकचं नवीन स्टेशन प्रचंड मोठं आहे, क्रुंग थेप अफिवात, तिथून ईशान्येकडच्या गाड्या सुटतात. त्या भागाचं नावच ईसान. आई शाळेत शिक्षिका होती, तिने लगेच पकडलं, "ईशान म्हणजे ईशान्यच की." मग तिने एक छोटी वही काढली आणि असे शब्द लिहायला सुरुवात केली, ती वही अजून तिच्या पर्समध्ये आहे.

पहिला मुक्काम कोराट, म्हणजे नाखोन राचासिमा, वहीत गेलं 'नगर राजसीमा'. मोठं शहर आहे, मॉल वगैरे सगळं, ईसानचा दरवाजाच म्हणा. जुन्या कोटाचा खंदक अजून दिसतो आणि एका जुन्या वेशीसमोर एका बाईचा पुतळा आहे, तलवार टेकवून उभी. लोक तिला 'या मो' म्हणतात म्हणजे मो आजी, आणि राजाने दिलेला किताब थाओ सुरनारी. १८२६ ला व्हिएंतियानच्या (आताच्या लाओसमधल्या) राजाने, अनुवोंगने, शहर घेतलं आणि लोकांना कैद करून नेत होते तेव्हा हिने कैद्यांना घेऊन उठाव केला असं सांगतात. पुतळा १९३४ चा आहे. संध्याकाळी तिथे इतकी गर्दी होती, हार, उदबत्त्या, कुणाची नोकरी लागली म्हणून कुणाचं मूल पास झालं म्हणून. आणि नवस फिटला की तिला गाणं ऐकवायचं, त्यासाठी गाणाऱ्या बायका-पुरुष बाजूलाच तयार बसलेले असतात, कोराटचं आपलं वेगळं गाणं आहे, सवालजवाबासारखं. आई बराच वेळ ऐकत होती, शब्द एक कळत नव्हता. मग म्हणाली सुरनारी म्हणजे शूर नारी असणार, आणि कावळा नाक्यावरच्या ताराराणीला आपण हार घालतो तो फक्त जयंतीला, इथे बघ बायका रोज संध्याकाळी येऊन आजीशी बोलतायत. मला ते फार आतून लागलं.

५ तारखेला सकाळी फिमाई. कोराटच्या दोन नंबरच्या बसस्टँडवरून बस मिळते, साधारण ६० किमी. गाव छोटं आणि गावाच्या मधोमध देऊळ. खमेर राज्याच्या काळात अंगकोरवरून, म्हणजे आताच्या कंबोडियातल्या त्यांच्या राजधानीवरून, निघालेला राजरस्ता इथे येऊन संपायचा आणि बहुतेक खमेर देवळं पूर्वेला तोंड करून असतात तसं हे नाही, ह्याचं तोंड दक्षिणेकडे, अंगकोरच्या बाजूला. मूळ बौद्ध, महायान पंथाचं, पण दारांवर रामायण. दारावरच्या एका दगडी पट्टीवर राम-लक्ष्मण नागपाशात बांधलेले आणि भोवती वानरं. मी नुसते साप बघितले, आईने बघितल्याबरोबर सांगितलं इंद्रजिताने टाकलेला नागपाश. पांढरट दगडाचा मधला मनोरा २८ मीटरचा, मक्याच्या कणसासारखा. फिमाईवर अजून लिहिता येईल पण आमचं मन पुढे लागलेलं होतं, दुपारी कोराटला परत येऊन बुरीरामची गाडी पकडली.

ती गाडी साधी होती, पंख्याची, खिडक्या उघड्या. दोन्हीकडे भाताची हिरवी शेतं आणि मध्येच एखादं ताडाचं झाड. प्रत्येक स्टेशनावर बायका चढत होत्या टोपल्या घेऊन, चिकट भात, भाजलेलं चिकन, केळी, शेंगा. आम्ही उकडलेल्या शेंगा घेतल्या. समोर एक आजीबाई होत्या त्यांनी आईच्या हातातल्या बांगड्या बघितल्या, हात लावून बघितला, मग आपली पिशवी उघडून एक रेशमी लुंगीसारखं वस्त्र दाखवलं, स्वतः विणलेलं असणार कारण हाताने मागाची खूण करून दाखवत होत्या. दोघी दोन तास बोलत होत्या, ती तिच्या भाषेत आणि आई मराठीत.

बुरीराम स्टेशन छोटं आणि टापटीप. नावाचा अर्थ रम्य पुरी, वहीत गेलं. शहर आता फुटबॉलच्या स्टेडियममुळे आणि मोटरसायकलच्या रेसमुळे ओळखलं जातं, आम्ही गेलो तेव्हा मोटोजीपीचे बोर्ड लागले होते कारण महिन्याच्या शेवटी रेस होती. शहरात बघायला फार नाही असं सगळे म्हणतात, ते बरोबर आहे पण मला ते आवडलं. रात्रीचा बाजार, स्टेशनसमोरच्या कॉफीच्या टपऱ्या, कुणी मागे लागत नाही. इंग्रजी जवळजवळ नाही, ट्रान्सलेट ॲप आणि हातवारे.

आता अडचणीची गोष्ट. फनोम रुंग शहरापासून साधारण ६५ किमी आणि थेट बस नाही. नांग रोंगच्या बाजूने बसने जाऊन फाट्यावर उतरायचं आणि पुढे मोटरसायकल टॅक्सी, असं एकट्याने जाणारे करतात, पण आई ६८ वर्षांची, म्हणून मी इथूनच एका ॲपवर दोन दिवसांची गाडी बुक करून पैसे भरले होते. ६ तारखेला सकाळी नऊची वेळ, साडेदहा वाजले तरी गाडी नाही, मेसेजला उत्तर नाही, आणि मग बुकिंगच रद्द झाल्याचं आलं. ढसाढसा रडायचं बाकी होतं माझं, कारण तीन दिवसांतला एक तर आधीच गेलेला. शेवटी हॉटेलच्या मालकीणबाईंनी आपल्या भाच्याला फोन लावला, तो अकरापर्यंत आपली पिकअप घेऊन आला आणि दोन्ही दिवस तोच होता. त्याचं नाव इथे देत नाही पण इतका शांत आणि मायाळू मुलगा, आईला प्रत्येक पायरीवर हात द्यायचा. कुणी जाणार असेल तर एवढंच सांगेन, लांबून ॲपवर ठरवू नका, गावात पोचल्यावर हॉटेलवाल्यांना सांगा.

डोंगर म्हणजे आपल्या पन्हाळ्यासारखा उंच नाही, सपाट भातशेतीतून हळूहळू वर येणारी टेकडी, समुद्रसपाटीपासून ४०० मीटर. देवळाची तेव्हा दोन प्रकारची तिकिटं होती, आम्ही फनोम रुंग आणि खालचं मुआंग ताम ह्या दोन्हींचं मिळून १५० बाटचं काढलं.

चढण सुरू होते तीच मुळी १६० मीटर लांब दगडी वाटेने, दोन्ही बाजूंना कमळाच्या कळीसारखे टोक असलेले खांब. मग नागांचा पूल, पाच फण्यांचे नाग कठड्यावरून फणा काढून उभे. मग पायऱ्या. मग अजून एक नागपूल. देवळापाशी येईपर्यंत माणूस आपोआप गप्प होतो. आई चप्पल काढायला लागली, मुलाने खुणेने सांगितलं नको, पाय भाजतील, पण ती म्हणाली मी काढणार. आणि ती वरपर्यंत अनवाणी चढली.

इथे एक सांगते, हे देऊळ कैलास म्हणून बांधलंय, दहाव्या ते तेराव्या शतकात होत होत पूर्ण झालेलं, आणि मुख्य भाग बाराव्या शतकातला, नरेंद्रादित्य नावाच्या माणसाने बांधलेला. अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या नात्यातला होता तो. लढाया केल्या आणि शेवटी इथे येऊन योगी झाला. त्याच्या मुलाने, हिरण्यने, हे सगळं संस्कृत शिलालेखात लिहून ठेवलं. नावं बघा, नरेंद्रादित्य, हिरण्य. आई म्हणाली आपल्याकडच्या ताम्रपटातली वाटतात.

पूर्वेच्या दारावर वर नटराज, दहा हातांचा, आणि त्याच्या खाली ती प्रसिद्ध पट्टी, शेषशायी विष्णू. बेंबीतून कमळ, कमळावर ब्रह्मदेव, पायाशी लक्ष्मी. थाई लोक त्याला फ्रा नाराय बंथोमसिन म्हणतात, नाराय म्हणजे नारायण, आणि शेवटचं ते 'सिन' लिहिताना सिंधू लिहितात आणि सिन वाचतात, म्हणजे सिंधूवर निजलेला नारायण. ही पट्टी १९६० च्या दशकात इथून चोरीला गेली होती आणि पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सापडली. थायलंडमधल्या साध्या साध्या लोकांनी मागणी लावून धरली आणि १९८८ ला ती परत आली, त्याच वर्षी सतरा वर्षं चाललेलं देवळाच्या डागडुजीचं काम संपून ते लोकांना खुलं झालेलं. पडलेला प्रत्येक दगड ओळखून जागच्या जागी बसवलाय. मी खाली उभी राहून त्या पट्टीकडे बघत होते आणि मला आपल्याकडच्या गावोगावच्या वीरगळी आठवल्या, रस्त्याच्या कामात गेलेल्या, कुणाच्या पायरीला लागलेल्या. त्यांच्यासाठी कुणी मागणी लावून धरली?

आत नंदी आहे, गाभाऱ्यात पिंडी आहे, आणि अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळसुद्धा आहे, तिला ते सोमसूत्रच म्हणतात. पूजा नाही. आईने पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली, तिथल्या राखणदाराकडे बघितलं, त्याने हसून मान हलवली, नाही. तिने पुडी परत ठेवली आणि नुसतं उभं राहून ओम नमः शिवाय म्हणत राहिली. तिच्या शेजारी एक थाई बाई आपल्या मुलाला घेऊन आली, तिनेही हात जोडले.

पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही. रविवार होता, शे-दोनशे लोक पूर्वेच्या अंगणात मोठमोठे कॅमेरे लावून बसलेले, आणि पाचला पश्चिमेकडून काळं आभाळ आलं ते हललंच नाही. ऑक्टोबर म्हणजे तिथल्या पावसाचं शेपूट असतं. लोक गुपचूप सामान आवरून निघाले. मला फार वाईट वाटलं, आई मात्र म्हणाली, "नोव्हेंबरात आपल्याकडं किती वेळा असं होतं, उद्या परत यायचं."

७ तारखेला आधी खाली मुआंग ताम केलं, म्हणजे खालचं गाव, आठ किमीवर. फनोम रुंग बघितल्यावर हे कशाला असं मला वाटलं होतं पण खरं सांगते, जीव इथे रमला. गर्दी नाही. चार कोपऱ्यांत चार तळी, काटकोनात वळलेली, कमळांनी भरलेली, आणि काठावर नाग पसरलेले, ह्यांच्या डोक्यावर मुकुट नाही, साधे गुळगुळीत फणे. हे वरच्या देवळाच्या मुख्य भागाच्याही आधीचं, अकराव्या शतकाच्या आसपासचं. आत विटांचे पाच मनोरे होते, पुढे तीन मागे दोन, पुढच्यातला मधला पडलाय, फक्त चौथरा उरलाय. भिंतीचे दगड बघून आई म्हणाली, "हा जांभा." खरंच जांभाच, आपल्या कोकणातल्या घरांना असतो तोच भोकाभोकाचा लाल दगड, कोट-भिंती त्याच्या आणि कोरीवकाम वालुकाश्मात. एका दारावर शंकर-पार्वती नंदीवर बसलेले आणि मागच्या मनोऱ्यावर कृष्णाने गोवर्धन उचललेला, खाली गाई आणि गवळी. तिथे शाळेची सहल आली होती, दहाबारा वर्षांची पोरं. आईने गोवर्धनाकडे बोट दाखवून करंगळी वर केली आणि दुसऱ्या हाताने पाऊस पडतोय असं दाखवलं. पोरं एकदम हसली, मग सगळ्यांनी करंगळ्या वर केल्या. त्यांच्या बाईंनी आईला वाकून नमस्कार केला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती, तिचा चेहरा काय झाला होता तेव्हा.

वाटेत एक कुटी रुसी लागते, म्हणजे ऋषीची कुटी, पण ती खरी सातव्या जयवर्म्या ह्या खमेर राजाने बांधलेल्या दवाखान्याजवळची छोटी देवळी. अशा आरोग्यशाळा त्याने राज्यभर उभ्या केल्या होत्या. आणि जवळच्या एका गावात ज्वालामुखीच्या मातीत रंगवलेलं कापड मिळतं, फू अक्खानी, म्हणजे अग्नीचा डोंगर, वहीत गेलं. विटकरी-तपकिरी रंग, हात लावला की मऊ लागतं. काकूंसाठी एक घेतलं.

साडेचारला परत वर. गर्दी आदल्या दिवसापेक्षा निम्मी. पश्चिमेला ढग होतेच पण फाटलेले. साडेपाचच्या पुढे राखणदारांनी दारांच्या रेषेतून सगळ्यांना बाजूला केलं, आई पुढे बसली, मी तिच्या मागे. गंमत म्हणजे देवळाची रेष अगदी पूर्व-पश्चिम नाही, पूर्वेकडचं तोंड जरा उत्तरेला सरकलेलं आहे, आणि म्हणूनच सूर्य २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला न येता ह्या ठराविक दिवशी रेषेत येतो. कुणीतरी नऊशे वर्षांपूर्वी हे बघून, मोजून, दगड ठेवलेत. कोल्हापुरातही कुणीतरी असंच उभं राहून मोजलं असणार.

पावणेसहाच्या सुमाराला पलीकडच्या शेवटच्या दारात आधी नुसती केशरी झाक आली. मग दारांच्या कडा एकेक करून उजळायला लागल्या, लांबची, मग तिच्या अलीकडची, आई बोटं मोजत होती. मग ढगाच्या खालून सूर्याची कड दिसली, पिंडीच्या वर, लालबुंद. सगळं अंगण गप्प. पिंडीचा माथा उजळला. अर्धा गोळा दिसला असेल आणि खालचा ढग आला, पूर्ण गोळा दाराच्या मधोमध आलाच नाही. तीन मिनिटं, फार तर चार. कुणीतरी टाळ्या वाजवल्या मग सगळ्यांनीच वाजवल्या.

आई उठली नाही. मला म्हणाली फोन लाव. काकूंना व्हिडिओ कॉल लावला, कोल्हापुरात तेव्हा साडेचार होत आलेले, मागे देवघरात घट दिसत होता, माळा लावलेल्या, चार दिवसांत धान्य हिरवंगार वर आलेलं. काकूंनी कसे आहात, काय खाल्लं, काही विचारलं नाही.

"कुठवर आली?"

"पिंडीपर्यंत आली, वैनी," आई म्हणाली. "पूर्ण नाय. पण आली."